हंड्यावरचे नाव



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. माळ्यावर असेल, न्हाणीच्या कोपऱ्यात असेल, नाहीतर अंगणात तुळशीपाशी पाणी भरून ठेवलेली असेल. जुना तांब्याचा किंवा पितळेचा हंडा. हंडा नसला तर परात, तपेले, कळशी, घंगाळ, काहीही चालेल. ती वस्तू एकदा उजेडात न्यावी आणि काठाच्या खालच्या बाजूने बोट फिरवावे. बोटाला बारीक खरखर लागेल. ते पोचे नव्हेत. छिन्नीच्या टोकाने एकापुढे एक ठिपके ठोकून लिहिलेली ती अक्षरे आहेत. कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या गावाहून आले आणि कधी, एवढा मजकूर बहुधा त्यात सापडतो. याला आपण भांड्यावर नाव घालणे म्हणतो. आता हे काम विजेवरच्या यंत्राने होते आणि अक्षरे सरळ रेघेची येतात. पण पद्धत तीच.

वडिलोपार्जित चीजवस्तू म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने येते ते सोने, आणि त्यानंतर जमीन. पण सोन्याचा एक दोष आहे, आणि तो सोन्याच्या मोलामुळेच आलेला आहे. सोने वारशाने येते ते वजनाने येते, आकाराने येत नाही. पणजीची वज्रटीक आजीच्या वेळी मुशीत गेली आणि पाटल्या झाल्या. पाटल्या आईच्या वेळी मोडल्या आणि साखळी झाली. आता साखळीच्या अंगठ्या होतील. सोने तेच, पण पणजीने गळ्यात घातलेली वस्तू मात्र घरात नाही. जमिनीचे म्हणाल तर तिचा इतिहास सातबाऱ्यावर आणि फेरफारात असतो, आणि तिथे बायकांची नावे शोधावीच लागतात. तांब्यापितळेची गोष्ट वेगळी. ते सोन्याइतके महाग नाही, म्हणून कोणी पिढीगणिक आटवीत नाही. मातीइतके स्वस्तही नाही, म्हणून कोणी फेकून देत नाही. या मधल्या किमतीमुळे ते आहे त्या आकारात चार पिढ्या टिकते. त्यावर नाव घातलेले असले तर नावही टिकते.

आता आपल्याच भागातली एक गोष्ट सांगतो. तारापूरच्या खाडीला लागून चिंचणी गाव आहे. १९५५ साली या चिंचणीत जमिनीतून काही ताम्रपट मिळाले. राष्ट्रकूटांच्या आणि त्यामागून शिलाहारांच्या काळातले हे ताम्रपट. दिनेशचंद्र सरकार या नामांकित विद्वानांनी ते वाचले आणि प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे सन ९२६ मधला आहे. तेव्हा इंद्र तिसरा हा राष्ट्रकूट राजा राज्य करीत होता आणि आपल्या उत्तरेला असलेल्या संजाणचा कारभार त्याच्या वतीने एक अरब अधिकारी पाहत होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे दिले आहे. विद्वान म्हणतात, हा मूळचा महंमद. संस्कृत लिहिणाराने आपल्या तोंडाला सोपे करून घेतले. या मधुमतीने वाटसरूंसाठी नद्यांवर फुकट नावा चालविल्या आणि अन्नछत्र घातले, अशी नोंद त्या पत्र्यांवर आहे. दुसरा एक ताम्रपट शके ९५६ चा, म्हणजे सन १०३४ मधला. चामुंडराज नावाच्या मांडलिकाने संजाणच्या मठाला तेलाचा एक घाणा दान दिला, तो देवीपुढच्या दिव्यासाठी आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायच्या तेलासाठी. चालून चालून पाय भेगाळलेल्या पंडितांची सोय राजदरबारी लेखात लिहिलेली मी तरी आणखी कुठे पाहिलेली नाही. शिक्षक मंडळींना हे ऐकून बरे वाटावे.

ताम्रपट म्हणजे काय, हे मुलांना सांगताना पुष्कळदा घोटाळा होतो. ती राजाने भिंतीवर लावायला केलेली पाटी नव्हे. तो कागद आहे, तांब्यावर लिहिलेला. दोनतीन पत्रे, त्यांना भोक पाडून ओवलेली कडी, कडीवर राजाची मुद्रा. आतली अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून पुष्कळदा पत्र्याच्या कडा थोड्या उचललेल्या असतात. हा लेख ज्याला दान मिळाले त्याच्या हवाली करीत. तो त्याने जपायचा, मुलाच्या किंवा शिष्याच्या हाती द्यायचा, आणि कोणी हक्क विचारला तर काढून दाखवायचा. तेव्हा वडिलोपार्जित वस्तू या शब्दाला इतका तंतोतंत लागू पडणारा दुसरा पदार्थ सापडणे कठीण. पुढच्या पिढ्यांनी हे दान मोडू नये म्हणून शेवटी शापवचनेही घातलेली असत: मोडील तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, वगैरे.

इतका बंदोबस्त करूनही झाले काय? पत्रे राहिले. अक्षरे राहिली. पण हे आमचे, आमच्या वाडवडिलांना मिळालेले, असे सांगणारे घर राहिले नाही. कधीतरी ते पुरले गेले असतील, कोणी धामधुमीत दडविले असतील. पुढे पुरणारा गेला आणि जागा ठाऊक असलेला माणूसही गेला. १९५५ मध्ये जेव्हा ते वर आले तेव्हा ते वाचायला दूरच्या पंडिताची गरज पडली. तांबे हजार वर्षे टिकले. तोंडी सांगणे मात्र मध्येच कुठेतरी तुटले.

आता पुन्हा आपल्या हंड्याकडे या. देणाराचे नाव, घेणाराचे नाव, गाव, साल, प्रसंग. ताम्रपटाचा सांगाडा याहून निराळा काय असतो? राजे दान देत ते तांब्यावर लिहीत. आपले खापरपणजे मुलीला हंडा देत, तेही तांब्यावर लिहीत. त्यांनी ताम्रपट पाहिलेले नसतील. पण दिलेली वस्तू बोलती असावी ही कल्पना आपल्याकडे खोल मुरलेली आहे.

आमच्या घरचा एक दाखला देतो. आमचे घर पालघरच्या जवळच्या गावातले. काही वर्षांपूर्वी भावाभावांत वाटण्या झाल्या. भांडण नव्हते, चुलतभावाने बोईसरला जागा घेतली होती आणि जुने घर आवरायचे होते. भांड्यांची वाटणी कशी करावी यावर कोणीतरी म्हणाले, वजनावर करू, म्हणजे कोणाला कमीजास्त नको. काटा आणला. ओटीवर हंडे, पराती, समया मांडल्या. आमची आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली होती. ती पायरीवर बसून पाहत होती. चुलतभावाने मोठा तांब्याचा हंडा उचलला तशी ती म्हणाली, “अरे, काट्यावर काय घालतोस? आधी नाव तरी वाच.”

त्याने वाचले. चि. सौ. कां. आणि पुढे एका मुलीचे नाव, तिच्या बापाचे नाव, तारापूर, शके १८३४. म्हणजे सन १९१२. चुलतभावाच्या मुलीने विचारले, “बाबा, ही कोण?” कोणालाच सांगता येईना. आमच्याकडे आठ पिढ्यांची वंशावळ आहे, चांगली चौकट करून लावलेली. तिच्यात या नावाची बाई नाही. तशी तिच्यात कोणतीच बाई नाही. पणजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील, अशी ती वर जाते. एका बाईने सोडवले ते कोडे.

“ती माझी आजी,” आत्या म्हणाली. “तुमची पणजी.” पण पणजीचे नाव तर वेगळेच होते! होय, ते सासरचे. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून त्यात नवे नाव लिहिले, त्या दिवसापासून माहेरचे नाव संपले. तेव्हा ती नऊदहा वर्षांची असावी. पुढे पन्नास वर्षे या घरात तिला त्या जुन्या नावाने कोणी हाक मारली नाही. फक्त तिचा भाऊ भाऊबिजेला यायचा, बोईसरला गाडी धरून पालघरला उतरायचा आणि तिथून चालत, तो दारातूनच त्या नावाने हाक मारी. आत्या सांगत होती, “आजी हातातलं काम टाकून पळत यायची. मला लहानपणी वाटायचं, हे मामाआजोबा दुसऱ्याच कोणाला हाक मारतात आणि आजी का धावते?”

हा भाऊही केव्हाच गेला. म्हणजे जगात ते नाव दोनच ठिकाणी उरले होते: आत्याच्या आठवणीत आणि हंड्याच्या काठाखाली. आत्या त्या दिवशी माहेरी आली नसती तर आठवणीतले नाव कोणाला कळले नसते, आणि हंडा काट्यावरून सरळ बाजारात गेला असता तर तेही गेले असते. त्या मुलीचा जन्म कुठल्या दाखल्यात नोंदलेला नाही, ती शाळेत गेलेली नाही, तिच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला तो १९९४ साली, आणि सगळ्या देशात तो आला २००५ मध्ये. पणजीला यांतले काही लाभणारे नव्हते. तिच्या मालकीचे म्हणून जे काही होते ते म्हणजे लग्नात आलेली भांडी, म्हणजे स्त्रीधन. जुन्या शास्त्रकारांनीसुद्धा स्त्रीधन आधी मुलीकडे जावे असे म्हटलेले आहे. तेव्हा मुलगे काटा घेऊन बसले होते, पण खरे पाहता हंडा आत्याचाच होता. आत्या म्हणाली, “मला काय करायचाय? या पोरीने विचारलं ना, तिला द्या.” हंडा बोईसरला गेला. तिथल्या दोन खोल्यांत पाणी तापवायला त्याचा उपयोग नाही. त्यात तांदूळ भरून ठेवतात. जागा अडते म्हणून जो विकायचा होता, तोच आता कोठी झाला आहे.

पणजीच्या गोष्टीत मी जरा रमलो खरा, पण ही एका घराची गोष्ट नव्हे. आपल्या या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत घरे फार हलली. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, आपल्या देशातले पहिले. मागाहून बोईसरला कारखान्यांची वसाहत वाढली. पुढे अणुवीज केंद्राचा विस्तार झाला आणि २००५ व २००६ साली ४ आणि ३ क्रमांकांच्या अणुभट्ट्या चालू झाल्या. त्या विस्तारापायी अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांना मूळ जागा सोडून दुसरीकडे वसावे लागले. गाव उठते तेव्हा माणूस आधी काय उचलतो? कागदपत्रे, देव्हाऱ्यातले टाक, दागिने. पाटा-वरवंटा, जाते, उखळ मागे राहते. मोठी भांडी न्यावीत की मोडीत घालावीत हा प्रश्न दारात टेम्पो उभा असताना सुटायचा असतो, आणि तो घाईत सुटतो. मी कोणाला दोष देत नाही. दोन खोल्यांच्या घरात तीन घंगाळे ठेवा असे सांगणे सोपे आहे, ठेवणे अवघड आहे. पण नाव टिपून घ्यायला पाच मिनिटे लागतात. भांडे गेले तरी नाव जायला नको.

इथे कोणी म्हणेल, ज्यांच्या घरी तांबेपितळ नव्हतेच त्यांनी काय जपायचे? प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात वारली बांधवांची वस्ती मोठी. त्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लग्न होते, पावसाळे जातात, भिंत पुन्हा सारवली जाते, चौक जातो. तारपा घ्या. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण. तो किती दिवस टिकणार? वस्तू टिकवण्याचा हिशेब तिथे लागूच पडत नाही. तिथे वारसा हातातून हातात जातो. आईचे बोट धरून मुलगी चौक लिहायला शिकते, बापाच्या शेजारी बसून मुलगा तारपा बांधायला शिकतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले, आणि त्यांच्या मुलांच्या हातात कुंचला आहे. मात्र चौक मुळात बायकांचा. तो लिहिणाऱ्या बायकांची नावे कुठल्याच भांड्यावर नाहीत.

किनाऱ्याकडच्या गावांत, चिंचणी-वाढवणच्या बाजूला, आणखी एक गंमत दिसेल. तिथे घरोघरी सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरतात. लोक त्यांना डाय म्हणतात. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक हत्यारांनी उलटी नक्षी कोरायची, मग ठोकळा तापवून, पाणी देऊन कडक करायचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की नक्षी उमटते. आता हेही काम संगणकावर चालणारी यंत्रे करू लागली आहेत. मघाशी मी म्हटले की दागिना पिढीगणिक मुशीत जातो. पण ज्या साच्यातून तो निघाला तो साचा मुशीत जात नाही. कोणा आजोबांनी कोरलेल्या फुलाची नक्षी पोलादात तशीच असते, आणि त्या फुलाचे दागिने घातलेल्या बायका कोण, कुठल्या, हे आजोबांनाही ठाऊक नसते.

आता कागदांविषयी थोडे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरे उघडून जुने कागद मिळवले, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने छापली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघाले ते याच ध्यासातून. आपल्या घरी मोडी कागदांचे बोचके असेल, तर ते वाचता येत नाही म्हणून मोडीत घालू नका, आणि जपण्याच्या भरात त्यावर प्लास्टिकचा पापुद्राही चिकटवून घेऊ नका; तो पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखिते पंचाहत्तर वर्षांपूर्वीची असली तरी, पुरावस्तू ठरतात. त्या परदेशी विकता येत नाहीत. आणि नांगराच्या फाळाला चिंचणीसारखे काही लागले तर? १८७८ चा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर कलेक्टरांना कळवावे लागते. दहा रुपयांचा आकडा आज हसण्यासारखा आहे, पण कायदा आहे.

भांड्यांची निगा आपल्या आयाबहिणींना मी शिकवू नये. आतून कल्हई हवी, नाहीतर ताक, आमटी कळकते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक. एकच विनंती करतो. दिवाळीला चिंच आणि राख लावून भांडी घासताना जिथे नाव आहे तिथे हात हलका ठेवावा, आणि तारेची घासणी तर तिथे लावूच नये. दरसालच्या घासण्याने ठिपके बुजत जातात. पुष्कळ हंड्यांवर आज आडनाव तेवढे राहिले आहे, पहिले नाव गेलेले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक सोपे काम सुचवतो. ताम्रपटाचा किंवा शिलालेखाचा ठसा घेतात तसा ठसा मुलांना घरच्या भांड्याचा घेता येतो. शाई नको. पातळ कागद नावावर घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची. ठिपके पांढरे उमटतात, भोवती काळे होते, आणि डोळ्यांना न दिसणारे अक्षरही पुष्कळदा कागदावर वाचता येते. चौथीतल्या मुलालाही हे जमेल. त्या कागदाखाली मुलाने घरातल्या सगळ्यांत वडील बाईला विचारून चार ओळी लिहाव्यात: ही कोण, कुठली, हे भांडे घरात कसे आले, त्यात काय शिजत असे. आजोबांना विचारू नका असे नाही. पण आजोबा किंमत सांगतील, आजी माणूस सांगेल. एका शाळेत तीस मुले असली तर तीस गावांची सोयरीक एका वहीत येते. तारापूरची मुलगी माहीमला, केळव्याची चिंचणीला, डहाणूची सफाळ्याला, हे कोणत्याही नकाशात नाही.

वही शाळेतच ठेवावी. ज्या घरी नाव घातलेले भांडे नसेल, तिथल्या मुलाने चौक कोणी लिहिला होता ते लिहावे, जात्याला नाहीतर विळ्याला मूठ कोणी बसवली ते लिहावे. आणि ज्या मुलांच्या आज्या गावाकडे आहेत, उत्तर प्रदेशात, बिहारात, ओडिशात, कारण बोईसरच्या शाळांत आता अशी मुले पुष्कळ आहेत, त्यांनी रविवारी टेलिफोनवर विचारून घ्यावे. त्यांच्या घरची पितळेची थाळीही बहुधा नाव घालूनच आलेली असते, फक्त अक्षरे वेगळी असतील.